भरतीला मोजलेलं बीपी

२००३ साल. मी सहासष्ट वर्षांचा. बोटीवरून उतरून दोन वर्षं झाली होती, आणि उतरलो म्हणजे मला कुणी उतरवलं नव्हतं, मीच उतरलो होतो. तीस वर्षांहून जास्त काळ तांडेल होतो. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी परत फिरायचं, हे माझ्या शब्दावर चालायचं. एकदाही बोट खडकावर घातली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझी एक चूक सांगायची आहे, ती वाचून कुणी मला अडाणी समजू नये.

शाळा माझी दुसरीपर्यंत. पण तेव्हाची दुसरी. पाढे तीसपर्यंत, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी. पाऊणकी मास्तरांपेक्षा बापाने जास्त घोकून घेतली, कारण दर्यावर तीच लागते. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरणार ते कळतं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा, सहाला. दिवसाही आणि रात्रीही. पंचांग बघा, पाऊणपट करा, झालं. घड्याळ लागतच नाही. मी आयुष्यभर मनगटाला घड्याळ बांधलं नाही.

त्या वर्षी गणपती पाण्यात गेले आणि चौथ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोची डावी बाजू गेली. आमच्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात. चहा घेत बसली होती. कप हातातून सुटला. "फुटला बघा," एवढं म्हणाली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजारच्या रिक्षातून नेली. तिला बीपी होतं, किती वर्षांपासून होतं कुणास ठाऊक, आम्ही कधी मोजलंच नव्हतं. चौदा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, बोलणं बरंचसं परत आलं, जीभ तर पहिल्यासारखी धारदार झाली. पण डावा हात आणि डावा पाय नावापुरते राहिले.

मुलगा मुंबईला नोकरीला. तो आला, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच म्हणाला, "बाबा, आईला मी घेऊन जातो. तिकडे सगळं जवळ आहे."

"तुझं घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही. पण..."

"मग जवळ असून काय? खाली उतरवणार कशी तिला? जाळ्यात घालून?"

तिला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "मी नाय जायची. तिथं खिडकीतून काय दिसतं, तर समोरच्या बिल्डिंगचे पाईप. इथं मला माणसं दिसतात." खरं होतं ते. किनाऱ्यावरच्या मांडवीत आमचं घर रस्त्याला लागून. तिने पंचवीस वर्षं बाजारात मासळी विकली. दारात बसली की येणारीजाणारी प्रत्येक बाई दोन शब्द बोलून जायची, टोपलीतली मासळी दाखवायची, भाव सांगायची, आणि ही प्रत्येकीचा भाव चुकीचा ठरवायची. हे तिचं जगणं. ते तिसऱ्या मजल्यावर कोण नेऊन देणार?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सांगलीकडच्या. त्यांनी निवाडा दिला. "घरी ठेवायला हरकत नाही काका. पण बीपी ताब्यात राहिलं पाहिजे. दुसरा झटका आला तर त्या उठणार नाहीत. रोज मोजावं लागेल."

"तीन महिने," मुलगा म्हणाला. "तीन महिने इथे ठेवू. बीपी आवाक्यात आलं तर ठीक. नाही तर मुंबई. बाबा, कबूल?"

मी म्हटलं, "कबूल." आणि मी कबूल म्हटलं की ते कबूल असतं.

मुलाने मुंबईहून बीपीचं मशीन आणलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा आपला आपण फुगतो, घरघरतो, मग सुटतो आणि काचेवर आकडे येतात. वर एक, खाली एक, आणि त्याखाली नाडीचे ठोके. मुलगा मला लहान पोराला शिकवावं तसं शिकवायला लागला. "बाबा, हा एक. हा आठ. हे इंग्लिश आकडे आहेत, काड्यांचे असतात, गोंधळायचं नाही."

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. "अठ्ठ्याण्णव साली आमच्या बोटीवर जीपीएस आलं तेव्हा मालकाचा भाऊ आठ दिवस शिकवायला येणार होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, तू घरी जा, मला समजलं. त्या काड्यांच्या आकड्यांवर मी अंधारात बोट आत आणलेली आहे. तू मला एक आणि आठ दाखवतोस?"

खाटेवरून बायको म्हणाली, "अवो, त्याचं ऐकून तरी घ्या. ती बोट नाय, माझा हात हाय."

मुलगा हसला. मशीनमधलं घड्याळ लावायचं त्याच्याकडून राहून गेलं, कोपऱ्यात सारखं बारा वाजलेले लुकलुकत असायचे. तो म्हणाला, पुढच्या खेपेला लावतो. मी म्हटलं, राहू दे. मला त्याची गरज नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं आणि तोंडीही सांगितलं होतं. रोज मोजायचं, पाच मिनिटं शांत बसवून, चांगल्या हाताला पट्टा बांधून, आणि रोज एकाच वेळी. "एकाच वेळी मोजलं तरच आजचा आणि कालचा आकडा ताडून बघता येतो काका." मला हे इतकं पटलं की काय सांगू! आमच्या धंद्याचीच गोष्ट बाई बोलत होत्या.

भाट्याच्या खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा आहे. तो सरकतो. त्यावर पाणी किती ते मोजत राहावं लागतं. आता आज आठ वाजता मोजलं आणि आठ दिवसांनी पुन्हा आठ वाजता मोजलं, तर ते एकाच वेळी मोजलं का? नाही. एकदा भरती असेल, एकदा सुकती. ते आकडे ताडून बघणारा बोट वाळूवर घालणार. एकाच वेळी म्हणजे पाण्याची एकच वेळ. भरती भरली आणि पाणी थांबलं, की मोजायचं. ही माझी एकाच वेळेची समज. दुसरी समज असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रक्त तरी काय, पाणीच की. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात की उधाणाला आजारी माणसाचं अंग जड होतं. मग बीपी भरतीला मोजायचं, जेव्हा ते सगळ्यात वर असणार. तेव्हा ठीक तर मग कधीही ठीक. मी हे कुणाला विचारलं नाही. विचारायची सवय नाही.

वही केली. डाव्या बाजूला तिथी, उजव्या बाजूला वरचा आकडा, खालचा आकडा. दिवसात दोन भरत्या येतात, त्यातली उजेडातली धरायची. सप्तमीला सव्वापाचची संध्याकाळची, दशमीला साडेसातची सकाळची, अमावास्येला सव्वाअकराची. मी दारात उभा राहून समुद्राकडे बघायचो, पाणी थांबलं की आत यायचो. "चल गो, हात दे." ती हात पुढे करायची. "दाबा. आज काय काढताय बघू."

आणि मी नुसतं मशीन दाबत नव्हतो. तिला उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, सगळं केलं. सुनेने मुंबईहून विचारलं, बाई ठेवायची का? मी म्हटलं, कशाला? घराच्या वाशाला कप्पी बांधली, त्यातून जाळ्याची जाड दोरी सोडली, दोन टोकांना लाकडी मुठी. चांगल्या हाताने एक मूठ ओढली की दुसऱ्या मुठीत बांधलेला डावा हात वर जायचा. शंभर वेळा सकाळी, शंभर वेळा संध्याकाळी. डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी ती दोरी स्वतः ओढून बघितली आणि म्हणाल्या, "काका, हे असलं आमच्याकडे विकत मिळतं." मी म्हटलं, "मिळत असेल. हे तुटणार नाही."

वेणीसुद्धा मीच घालायचो. पहिल्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी थांबल्या.

"अगो बाय, काकींची वेणी तांडेलांनी घातली!"

"मग? जाळं विणणाऱ्याला वेणी काय जड हाय?" हे माझ्याऐवजी तीच म्हणाली. तिला त्याचा अभिमान होता. मला तर होताच.

दर रविवारी मुलाचा फोन यायचा. मी सात दिवसांचे आकडे वाचायचो, पलीकडे सून लिहून घ्यायची. तिच्या हपिसात संगणक होता, त्यात ती ते भरून ठेवायची.

आकडे मात्र विचित्र येत होते. मला वाटलं होतं उधाणाला, म्हणजे पुनवेला-अमावास्येला, वर जाईल, आणि अष्टमीच्या भांगाला, पाणी मंद असतं तेव्हा, खाली येईल. झालं उलटं. अमावास्येला वरचा आकडा एकशे सव्वीस. नवमीला एकशे बहात्तर. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. एकशे सत्तर. "तुझं रक्त उलट्या पाण्यावर चालतंय," मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, आणखी काय व्हायचं?"

पण आकडा जो आला तोच लिहिला. एकही कमी केला नाही, वाढवला नाही. मुंबई टाळायची होती मला, कुणाहीपेक्षा जास्त. एकशे बहात्तरच्या जागी एकशे बत्तीस लिहिणं काही कठीण नव्हतं. कोण बघणार होतं? पण पाण्याची खोली खोटी सांगणारा तांडेल बोट बुडवतो.

महिन्याने बाईंकडे फक्त आकडे लिहिलेला कागद घेऊन गेलो. वही घरी होती. बाईंनी कागद वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, चार दिवस एकशे तीसच्या आत, मग एकदम एकशे सत्तर. असं होत नाही. गोळ्या चुकताहेत."

"एक गोळी चुकली नाही. रोज न्याहारी झाली की मी स्वतः हातावर ठेवतो, गिळल्याशिवाय हलत नाही."

"मग त्या थुंकत असतील."

"बाई," मी म्हटलं, "ती माणसांवर थुंकेल. गोळी नाही थुंकणार."

त्या हसल्या, पण विश्वास बसला नाही हे मला दिसलं. गोळीचा डोस दुप्पट करून दिला. परत येताना मी रिक्षात बसलो नाही, चालत आलो. मला खोटा ठरवलं होतं. उन्हात मांडवीपर्यंत चालत आलो आणि तरी राग उतरला नाही.

दुप्पट डोस सुरू झाल्यावर पुढची पुनव आली. दुपारच्या आधी मी समुद्राकडे बघत दारात उभा होतो. ती आत खुर्चीवर. रस्त्यावरून एक बाई टोपली घेऊन चालली होती, तिने सुरमईचा भाव सांगितला. भाव ऐकून आमची तावातावाने काठीवर उठायला गेली. "एवढा? सुरमई हाय का सोनं?" आणि तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत खाली आली. मी वळलो तोवर ती जमिनीवर, खांदा उंबऱ्यावर आपटलेला, चेहरा पांढरा, कपाळावर घाम.

टोपलीवालीच्या मदतीने तिला सपाट निजवली. मशीन आणलं, पट्टा बांधला. ब्याण्णव, चोपन्न. असा आकडा मी कधी बघितला नव्हता. आधी वहीत तिथी लिहिली, आकडा लिहिला, आणि मग बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाय उशीवर ठेवा, पाणी पाजा, उद्याची गोळी निम्मी करा. अर्ध्या तासाने ती डोळे उघडून म्हणाली, "त्या बाईला सांगा, भाव जास्तच हाय."

हसू नका. मी त्या वेळी हसलो नाही. मला वाटलं, हरलो.

मुलाला कळवणं भाग होतं. लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दारात. खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. एकाच कागदावर दोघांचं, त्याचं आणि आईचं, तीन दिवसांनंतरच्या गाडीचं. वेळ त्याने दिली होती ती एवढीच.

"तीन महिने झाले नाहीत," मी म्हटलं.

"बाबा, ती पडली. एकदा एकशे सत्तर, एकदा ब्याण्णव. हे आवाक्यात म्हणायचं? तुम्ही जीव तोडून केलंत, मला माहीत आहे. पण हे घरी जमण्यातलं नाही."

बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कबूल मीच म्हटलं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मला घेऊन बाईंकडे गेला. मुंबईच्या डॉक्टरला द्यायला चिठ्ठी हवी होती. मीही गेलो, या वेळी वही घेऊन. का घेतली सांगता येणार नाही. गोळ्या चुकल्या नाहीत हे शेवटचं सांगायचं होतं बहुतेक.

सुनेने सगळ्या आकड्यांचा आलेख काढून दिला होता, संगणकावर, रंगीत. मुलाने तो टेबलावर पसरला. एक लाल रेघ, वर जाणारी, खाली येणारी, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, "बघा, काही धरबंधच नाही."

मी तो कागद माझ्याकडे ओढला. इंग्लिश अक्षरं मला लागली नाहीत, पण रेघ लागली. तीस वर्षं मी तसलीच वर-खाली बघत आलो आहे.

"धरबंध आहे," मी म्हटलं. "या टेकाडापासून त्या टेकाडापर्यंत किती दिवस?"

मुलाने मोजले. "पंधरा."

"आणि त्या टेकाडापासून पुढच्या?"

"पंधरा. चौदा-पंधरा."

मी वही उघडली. प्रत्येक टेकाडाला अष्टमी, नवमी, दशमी. प्रत्येक खड्ड्याला अमावास्या नाही तर पुनव. बाई वाकून वही बघायला लागल्या. त्यांनी ती वही पहिल्यांदाच बघितली.

"काका, हे डावीकडे काय लिहिलंय?"

"तिथी."

"वेळ कुठे आहे? किती वाजता मोजलं?"

"लिहिलंय की. तिथी आहे ना."

"तिथी म्हणजे दिवस झाला. मी रोज एकाच वेळी मोजा म्हटलं होतं."

"रोज एकाच वेळीच मोजलं. एक दिवस इकडेतिकडे नाही. भरती भरली की."

मुलाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाबा... भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाते!"

"जाणारच. न जाऊन काय करील?"

"म्हणजे तुम्ही रोज वेगळ्या वेळी मोजत होता!" बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांची वेळ भिंतीवरची होती आणि माझी पाण्यावरची. दोन महिने केलं ते सगळं पाण्यात? मुलगा काही बोलणार तेवढ्यात बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"थांबा. काका, दशमीला भरती किती वाजता?"

"दहा पाऊणे साडेसात. सकाळी."

"अमावास्येला?"

"सव्वाअकरा."

"आणि हे पंचमीला?"

"पावणेचार. दुपारी."

"तोंडी?"

"बाई, तुम्ही सांगलीच्या. तुम्हाला नदी एकाच दिशेने वाहते. आम्हाला हे यावंच लागतं."

त्या हसल्या, पेन घेतलं आणि वहीतली एकेक तिथी वाचायला लागल्या. मी वाजले किती ते सांगायचो, त्या आकड्याशेजारी लिहायच्या. पन्नासेक तिथी. एकदाही अडलो नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. मग त्यांनी दुसऱ्या कागदावर डोस वाढवण्याआधीचे आकडे तिथीने नाही, वाजल्याप्रमाणे मांडले. सकाळी सातचे एकीकडे, आठचे त्याच्या पुढे, दुपारचे, संध्याकाळचे.

रेघ सरळ झाली. सकाळी गोळीच्या आधी एकशे सत्तर. गोळीनंतर उतरत उतरत दुपारी एकशे सव्वीस. संध्याकाळी पुन्हा चढायला लागलेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळी चोवीस तास पुरत नाही. संध्याकाळीच तिचा जोर संपतो. आणि मी सकाळचा डोस दुप्पट केला, म्हणून दुपारी त्या पडल्या." मग म्हणाल्या, "काका, गोळ्या चुकत नव्हत्या. मी उगाच बोलले."

मुलाने विचारलं, "मग आता?"

"आता तीच गोळी, निम्मी सकाळी, निम्मी संध्याकाळी. एवढंच. आणि तुम्हाला सांगते, यांनी रोज सकाळी घड्याळ बघून आठ वाजता मोजलं असतं ना, तर मला रोज एकशे सत्तर दिसलं असतं, आणि मी डोस वाढवतच गेले असते. दिवसभराचं असं मोजमाप मला कुणी आणून देत नाही."

मी त्यांना म्हटलं, "चूक माझीही आहे. वेळ म्हणजे कुठली, हे मी विचारायला हवं होतं." हे मी मुलासमोर बोललो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोललो. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याने माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं.

"मुंबईची चिठ्ठी?" बाईंनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "आईला विचारतो."

घरी आलो. तो तिच्या खाटेशी बसला आणि सगळं सांगितलं. ती इकडे वळली. आधी मला म्हणाली, "म्हणजे मला भरतीची वाट बघत बसवून ठेवायचात ते यासाठी? मला वाटलं तुमचा कायतरी नवस हाय." मग त्याला म्हणाली, "झिला, तू जा. तुझी रजा संपेल. आमचं आमी बघतो. तुझ्या बापसाला आता वेळ कळायला लागलीय."

"कबूल," मुलगा म्हणाला. "पण तीन महिने पुरे करायचे. आणि आता घड्याळ लावायचं." त्याने मशीन मांडीवर घेतलं आणि कोपऱ्यातले बारा पुसून खरी वेळ लावून दिली. मी लावू दिली. निम्मी गोळी त्याच संध्याकाळी सुरू केली.

त्यानंतर ती नऊ वर्षं त्याच घरात राहिली. दुसरा झटका आला नाही. वह्या अकरा भरल्या. पहिली बाईंनी मागून घेतली. पुढच्या सगळ्या वह्यांत तीन खाने आहेत. सकाळी आठ, रात्री आठ, आणि तिसरा भरतीचा. बाईंनी तिसरा सांगितलेला नव्हता. त्या तोही वाचायच्या.

पण त्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी तिला तोंड धुवायला दिलं, खुर्चीवर बसवली, पाच मिनिटं गप्प बसायला लावलं, जे तिला सगळ्यात कठीण. मशीनच्या घड्याळात आठ वाजल्यावर बटण दाबलं. एकशे अठ्ठेचाळीस. वहीत लिहिलं. न्याहारी झाल्यावर निम्मी गोळी हातावर ठेवली. मुलगा म्हणाला, "बाबा, स्टेशनवर मी जातो, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "तू आईजवळ बस. हे काम माझं." तिकीट खिशात घातलं, शहर बसने वर सड्याच्या पठारावरच्या स्टेशनला गेलो, रांगेत उभा राहिलो. रद्द करायचा फॉर्म कुणाला न विचारता माझ्या हाताने भरला. अक्षरं मोठी झाली, दोन ओळींत बसवावी लागली. खिडकीतल्या माणसाने तिकीट उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "दोन्ही रद्द?"

"एकच," मी म्हटलं. "मुलगा जातोय. त्याची आई घरीच आहे." आणि फॉर्म आत सरकवला.